अंथरुणातील डस्ट माइट, अ‍ॅलर्जी आणि दमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डस्ट माइट म्हणजे नेमके काय? तो डोळ्यांना दिसतो का?

डस्ट माइटला सर्रास कीटक म्हटले जाते, पण त्याला आठ पाय असतात आणि तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यात मोडतो. त्याची लांबी पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर भरते आणि अंग पांढुरके, अर्धपारदर्शक असते, त्यामुळे चादरीवर तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. घरांत प्रामुख्याने आढळणाऱ्या दोन जाती डर्मॅटोफॅगॉइड्स या प्रजातीतल्या आहेत. या नावाचा अर्थ ‘कातडी खाणारा’ असा होतो, मात्र हा जीव जिवंत कातडीला तोंड लावत नाही. आपल्या अंगावरून रोज साधारण ग्रॅमभर मृत त्वचेचा कोंडा गळतो आणि त्यातला बराचसा गादी-उशीत जिरतो. तेच त्याचे अन्न. उष्ण आणि दमट प्रदेशांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस नावाची आणखी एक जातही महत्त्वाची ठरते.

सकाळी अंगावर गांधी उठलेल्या दिसतात. हे माइट चावल्यामुळे होते का?

नाही. डस्ट माइट चावत नाही आणि रक्तही पीत नाही. रांगेत उठलेल्या गांधी, चादरीवर रक्ताचे बारीक डाग आणि पलंगाच्या फटीत काळे ठिपके दिसत असतील, तर ढेकणांचा संशय घ्यावा. बोटांच्या बेचक्यांत आणि कंबरेभोवती रात्री वाढणारी खाज असेल आणि घरातल्या इतरांनाही तीच तक्रार असेल, तर खरूज असण्याची शक्यता अधिक. खरजेचा जीवही माइटच आहे, पण तो वेगळ्या जातीचा आणि त्वचेत घर करणारा आहे. या तिन्ही दुखण्यांचे उपचार निराळे असल्यामुळे अंगाला औषध लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेले बरे.

चावत नाही, तर मग त्याचा त्रास कशामुळे होतो?

मुख्यतः त्याच्या विष्ठेमुळे, आणि काही प्रमाणात त्याच्या मृत शरीराच्या तुकड्यांमुळे. एक माइट दिवसाला सुमारे वीस लेंड्या टाकतो. त्यांचा आकार १० ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे साधारण फुलांच्या परागकणांएवढा. माइटच्या आतड्यातली पाचक द्रव्ये या लेंडीत साठलेली असतात. त्यांपैकी ‘डर पी १’ नावाचे प्रथिन हे मुळात प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) आहे. नाकाच्या किंवा श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावर लेंडी पडली की ते विरघळून बाहेर येते, अस्तरातील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे टाके उसवते आणि स्वतःच आत शिरायला वाट करून घेते. अ‍ॅलर्जी निर्माण करण्यात हे प्रथिन इतके पटाईत का, याचे बरेचसे उत्तर या करामतीत आहे.

घरातील धुळीने दमा उसळतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु धुळीतले नेमके काय, हे कळत नव्हते. नेदरलँड्समधील लायडन येथे व्होरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या सुमारास हा धागा माइटपर्यंत नेऊन भिडवला.

रात्री आणि पहाटेच त्रास का वाढतो?

दुपारी खिडकीतून उन्हाचा कवडसा पलंगावर पडलेला असताना उशीवर एक थाप मारून पाहावी. कवडशात धुळीचा लोट उसळतो आणि काही मिनिटांत विरळ होतो. माइटच्या लेंड्या तुलनेने जड असल्याने त्या तासन्‌तास हवेत तरंगत नाहीत आणि पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक खाली बसतात. म्हणूनच त्या हवेतून सतत नाकात जातात असे नाही. आपण कूस बदलतो, उशीत तोंड खुपसतो, पांघरूण डोक्यावर ओढतो, तेव्हा त्या अगदी जवळून आत जातात, आणि हे सहा-आठ तास चालते. दुसरे असे की अ‍ॅलर्जीचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. शिंका आणि खाज काही मिनिटांत सुरू होते, तर नाक चोंदणे आणि छाती आवळणे हे काही तासांनी पुन्हा डोके वर काढते. त्यातच पहाटेच्या सुमारास श्वासनलिका निसर्गतःच थोड्या अरुंद झालेल्या असतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहाटे चारची धाप आणि उठल्याबरोबर शिंकांची सर हे ठरलेले चित्र तयार होते.

ही साधी सर्दी आहे की अ‍ॅलर्जी, हे घरी कसे ओळखावे?

विषाणूजन्य सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत उतरते आणि तिच्याबरोबर अनेकदा कणकण, घसादुखी असते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहतो, नाक, डोळे आणि टाळू खाजतात आणि हे महिनोन्‌महिने चालते. लहान मूल तळहाताने नाक सतत वर ढकलत असेल, तर ती खूण लक्षात घ्यावी. छातीतून सू-सू आवाज येणे, हसल्यावर किंवा धावल्यावर खोकल्याची उबळ येणे, रात्री खोकल्याने झोपमोड होणे, ही लक्षणे दम्याकडे बोट दाखवतात आणि तेथे अंदाज न बांधता श्वासाची तपासणी करून घ्यावी.

माइट तर सगळ्यांच्याच घरी असतात. मग त्रास काहींनाच का?

कारण काही जणांचे शरीर या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करते. ही प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. आई-वडिलांपैकी एकाला दमा, अ‍ॅलर्जीची सर्दी किंवा इसब असेल तर मुलांमध्ये तिची शक्यता वाढते. ज्याला अशी अ‍ॅलर्जी नाही, त्याने आपल्या गादीत किती माइट आहेत याची चिंता करण्याचे काहीच कारण नाही. दहा वर्षांत माइटमुळे गादीचे वजन दुप्पट होते, हे जाहिरातींतून फिरणारे विधान निराधार आहे.

महाराष्ट्रात याचे प्रमाण कुठे आणि केव्हा अधिक असते?

याचे उत्तर ओलाव्यात आहे. डस्ट माइट पाणी पीत नाही. तो हवेतील बाष्प शोषून जगतो. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता त्याला सर्वांत मानवते. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली की तो सुकून मरतो. उंचावरच्या कोरड्या प्रदेशांत माइट फारसे टिकत नाहीत, हेही याच कारणाने. या हिशेबाने कोकण, मुंबई आणि गोवा येथील हवा त्याला वर्षातील बहुतेक काळ सोयीची आहे, आणि पावसाळ्यात तर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्याची चंगळ असते. अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला महिनाभर पुरतो आणि मादी आयुष्यात साधारण ४० ते ८० अंडी घालते. त्यामुळे जूनमध्ये वाढू लागलेली संख्या पावसाळा सरता सरता बरीच फुगलेली असते.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा माइटला खरे तर जगू देणारा नाही, पण तेथे एक गोम आहे. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोलीत सतत बाष्प सोडतो आणि खिडक्या बंद ठेवून तो रात्रभर चालवला, तर बाहेर हवा करपवणारी असूनही गादीला पावसाळी हवा मिळते. कूलर वापरायचाच असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि दिवसा खोली कोरडी होऊ द्यावी. एअर कंडिशनर मात्र हवेतील ओलावा कमी करतो, म्हणून किनारपट्टीवर तो या बाबतीत उपकारकच ठरतो. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र फारसे महाग नसते आणि सर्व उपायांत त्यावरचा खर्च आम्हांला सर्वाधिक सार्थ वाटतो, कारण पावसाळ्यात खोलीत दोरीवर ओले कपडे वाळत घातल्यावर काटा कुठवर चढतो हे एकदा पाहिले की पुढचे सांगावे लागत नाही.

गाद्यांना ऊन दाखवण्याची आपली पद्धत उपयोगी आहे का?

आहे, पण अर्धीच. कडक उन्हात पातळ गोधडी, सतरंजी किंवा चादर काही तास पसरली, मधूनमधून उलटली, तर उष्णता आणि कोरडेपणा यांमुळे माइट मरतात. जाड कापसाच्या गादीत मात्र उष्णता गाभ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. आणि मुख्य मुद्दा असा की माइट मेला तरी त्याच्या लेंड्यांतील प्रथिन तसेच राहते, कारण ते उन्हाने सहजी नष्ट होत नाही. म्हणून ऊन दाखवल्यानंतर गादी बाहेरच बडवावी, वाऱ्याची दिशा पाहून बडवावी आणि जे धुण्यासारखे आहे ते धुवावे. बडवण्याचे काम दमा असलेल्या व्यक्तीने करू नये आणि त्या वेळी तिने जवळही थांबू नये.

घट बसण्याआधी घरातील झाडून सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर, विहिरीवर नेऊन धुण्याची रीत आपल्याकडे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस, माइटची आणि त्यांच्या विष्ठेची भर पडून गेल्यानंतर, ती गोधड्यांतून धुऊन काढण्याचा तो मुहूर्त अचूक आहे. अडचण इतकीच की वर्षातून एकदा धुतल्याने भागत नाही.

चादरी आणि अभ्रे किती दिवसांनी आणि कसे धुवावेत?

अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीची चादर, उशीचा अभ्रा आणि अंगाला लागणारे पांघरूण आठवड्यातून एकदा धुवावे. पाणी ५५ अंशांहून गरम असेल तर माइट मरतात, म्हणून धुलाईयंत्रात ६० अंशांचा पर्याय निवडावा. यंत्रात पाणी तापवण्याची सोय नसेल तर कपडे बादलीत घालून वरून कडकडीत पाणी ओतावे आणि काठीने खालीवर करावेत, अर्थात लहान मुले आसपास नसताना. गार पाण्याने धुतल्यास बहुतेक माइट तगून राहतात, परंतु अ‍ॅलर्जी घडवणारे प्रथिन पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचा मोठा भाग निघून जातो. त्यामुळे गरम पाणी नाही म्हणून धुणेच टाळणे, हा तोटा अधिक मोठा.

गोधडीबद्दल थोडे वेगळे सांगावे लागते. जुन्या लुगड्यांचे चार-सहा पदर एकावर एक ठेवून, हातभर धाग्याने धावदोरा घालत शिवलेली गोधडी ऊबदार खरी, पण तिच्या पदरांमध्ये धूळ दडायला जागाही तितकीच असते आणि ओली झाली की ती दोन माणसांनी पिळावी लागते. अर्धवट वाळलेली गोधडी घडी करून ठेवणे हे न धुण्यापेक्षा वाईट, कारण त्या ओलीत माइट आणि बुरशी दोघांचेही फावते. शक्य असेल तर गोधडीला बटणांची सुती खोळ शिवावी आणि दर आठवड्याला ती खोळ धुवावी. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी करू नये. रात्रभराच्या घामाचा ओलावा उडून जाईपर्यंत ते मोकळे पसरून ठेवावे.

कापसाची गादी काढून फोमची घ्यावी का? पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेतला तर?

केवळ माइटसाठी गादी बदलण्याची घाई करू नये. नव्या गादीतही काही महिन्यांत माइट वस्ती करतात, मग ती फोमची असो, काथ्याची असो वा कापसाची. कृत्रिम धाग्यांनी भरलेल्या उशा पिसांच्या उशांपेक्षा सुरक्षित असतात असा समज होता, पण प्रत्यक्ष मोजमापांत त्यांत माइटचे प्रथिन तितकेच किंवा अधिकच आढळले. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशीचे कापड घट्ट विणीचे असते, हे त्याचे बहुधा कारण.

पिंजून घेतलेल्या कापसातील धूळ बरीच उडून जाते, गादी हलकी आणि कोरडी होते, म्हणून ते करून घ्यावे. मात्र ते घराच्या आत, अंगणाशी लागून किंवा जिन्याखाली करून घेऊ नये. त्या वेळी उडणारा लोट दमेकऱ्याला चांगलाच भोवू शकतो.

माइटरोधक खोळी खरोखर उपयोगी पडतात का?

या प्रश्नावर विक्रेते आणि संशोधन यांचे सूर जुळत नाहीत. या खोळींचे कापड इतक्या बारीक विणीचे असते की हवा आणि बाष्प आरपार जाते, पण लेंड्या अडकतात. त्यासाठी विणीतील छिद्र १० मायक्रॉनपेक्षा लहान हवे. खोळी घातल्याने पृष्ठभागावरील प्रथिन घटते, यात वाद नाही. वाद आहे तो माणसाला बरे वाटते का, याबद्दल. ब्रिटनमध्ये १,१२२ प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ खोळींचा काही लाभ दिसला नाही. त्याउलट २०१७ साली ब्रिटनमध्येच माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या आणि दम्याच्या झटक्याने नुकतेच इस्पितळात जाऊन आलेल्या २८४ मुलांच्या चाचणीत, वर्षभरात पुन्हा तशी वेळ आलेल्यांचे प्रमाण साध्या खोळींच्या गटात ४१.५ टक्के आणि माइटरोधक खोळींच्या गटात २९.३ टक्के होते.

आमचे मत असे की चाचणीने माइटची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या आणि वारंवार झटके येणाऱ्या मुलासाठी खोळी घ्याव्यात, गादीला आणि उशीला दोन्हीकडे घ्याव्यात आणि सहाही बाजूंनी बंद होणाऱ्या, चेनच्या घ्याव्यात. वरून इलास्टिकने बसणाऱ्या चादरी खोळींचे काम करत नाहीत. प्लास्टिकचे आवरण स्वस्त पडते, पण आपल्या हवेत त्यावर घामाने निथळत झोपणारे मूल महिनाभरात ते काढून टाकते.

व्हॅक्यूम क्लीनर, एअर प्युरिफायर आणि माइट मारणारे फवारे यांचे काय?

साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो, म्हणून घ्यायचाच तर अतिबारीक कणही अडवणाऱ्या हेपा गाळणीचा घ्यावा. त्यानेही वरची धूळ निघते, गादीत खोल रुतलेले जिवंत माइट निघत नाहीत. प्युरिफायर हवेतील कण गाळतो आणि माइटचे कण तर हवेत टिकतच नाहीत, तेव्हा या एका कारणासाठी तो घेऊ नये. फवाऱ्यांमध्ये बेंझिल बेंझोएटसारखी द्रव्ये असतात, म्हणजे खरजेवर लावायला देतात तेच औषध. त्यांचा रुग्णाला ठोस फायदा झाल्याचे पुरावे कमकुवत आहेत आणि वासाने दमा चाळवण्याची शक्यता वेगळीच. कपाटातील डांबरगोळ्यांचेही तेच.

सपाट फरशीच्या खोलीत ओल्या फडक्याने पुसून घेणे पुरेसे असते. केरसुणीने झाडण्याआधी दमेकऱ्याला खोलीबाहेर पाठवावे. भिंतभर गालिचा असल्यास तो काढावा, एवढेच.

मुलाच्या कापडी खेळण्यांचे काय करावे?

अंथरुणात एकच आवडते खेळणे ठेवावे. धुता येत असेल तर गरम पाण्यात धुवावे. येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये किमान एक दिवस-रात्र ठेवावे, जेणेकरून माइट मरतील, आणि नंतर प्रथिन काढण्यासाठी गार पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावे. अ‍ॅलर्जी झालेलीच नसताना, पुढे दमा होऊ नये म्हणून तान्ह्या बाळासाठी महागडी माइटरोधक सामग्री घेण्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही.

माइटचा खाण्यापिण्याशी काही संबंध आहे का?

दोन बाबतींत आहे. कोळंबी, खेकडे, शेवंडे यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन माइटच्या प्रथिनाशी मिळतेजुळते असल्यामुळे माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना कोळंबी खाल्ल्यावर तोंडाला खाज किंवा अंगावर पित्त उठते. असे कधी झाले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. परंतु आजवर निर्धोकपणे कोळंबीची आमटी खात आलेल्याने केवळ रक्ततपासणीच्या आकड्यापायी ती सोडू नये, आणि पापलेट-बांगड्यासारख्या माशांचा तर याच्याशी संबंधच नाही. दुसरे, दमट हवेत उघडे राहिलेल्या पिठात माइट वाढतात आणि अशा पिठाचे पदार्थ खाल्ल्याने तीव्र अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी उष्ण प्रदेशांतून झालेल्या आहेत. गिरणीतून आठवड्यापुरते दळून आणणाऱ्या घरात हा धोका कमी. फोडून ठेवलेली तयार पिठांची पाकिटे मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावीत.

माइटचीच अ‍ॅलर्जी आहे, हे निश्चित कसे करतात?

त्वचेवरील टोचणी चाचणीने किंवा माइटविशिष्ट आयजीईच्या रक्तचाचणीने. टोचणी चाचणीत हातावर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत उठणारी गांधी मोजतात. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात. केवळ ‘एकूण आयजीई’ वाढल्याचा अहवाल फारसे काही सांगत नाही, कारण पोटात जंत असले तरी तो आकडा चढतो. तसेच झुरळे आणि बुरशी हीदेखील आपल्या घरांतील मोठी कारणे आहेत, म्हणून गादीवर खर्च करण्याआधी चाचणी करावी.

अंथरूण स्वच्छ ठेवले तर इनहेलर बंद करता येईल का?

स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. अंथरुणाची निगा ही उपचाराला जोड आहे. दम्यात श्वासनलिकेला आतून सूज असते आणि ती आटोक्यात ठेवते ते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. इनहेलरची सवय लागते, हा समज चुकीचा आहे, आणि त्याहून घातक सवय आहे ती सूज उतरवणारे औषध टाळून केवळ तात्पुरता श्वास मोकळा करणारा पंप दिवसातून अनेकदा ओढण्याची. नाकासाठी स्टेरॉइडचा फवारा नियमित घेतल्यास काही आठवड्यांत चांगला फरक पडतो.

अ‍ॅलर्जी मुळापासून घालवणारी ‘लस’ मिळते का?

तिला इम्युनोथेरपी म्हणतात. माइटचा अर्क ठरलेल्या मात्रेत इंजेक्शनने किंवा जिभेखाली थेंब अथवा गोळीच्या रूपात साधारण तीन वर्षे देतात, त्यामुळे शरीर त्या प्रथिनाला हळूहळू सोसायला शिकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने माइटसाठीच्या जिभेखालच्या गोळीला २०१७ साली मान्यता दिली. ही उपचारपद्धती योग्य रुग्णात गुण देते, पण दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. काही महिन्यांत अ‍ॅलर्जी कायमची जाईल अशी हमी कोणी देत असेल तर तेथून उठावे.

ताबडतोब इस्पितळ केव्हा गाठावे?

धाप लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट पाहू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे आणि पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देत राहावा.

घरी त्रास नसतो, पण गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलो की पहिल्याच रात्री दमा उसळतो. असे का?

कारण पाहुण्यांसाठीच्या गाद्या वर्षभर माळ्यावर किंवा ट्रंकेत पडून असतात. भरपावसात, गणपतीच्या आदल्या दिवशी, त्या काढून झटकल्या जातात आणि त्याच रात्री अंगाखाली येतात. आधी फोन करून गाद्या दोन-तीन दिवस अगोदर काढायला सांगावे आणि ऊन नसेल तर निदान पडवीत पंख्याखाली पसरायला सांगावे. सोबत स्वतःची धुतलेली चादर आणि उशी न्यावी, औषधे सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावीत आणि माळ्यावरून गाद्या उतरवत असतील तेव्हा दमेकऱ्याने खुशाल आरतीच्या तयारीला बसावे.